मंडपातला श्रोता, गाळ्यावरचा वाचक

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला एकाच वेळी दोन साहित्य संमेलने भरली. महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या परिसरात २२ ते २४ एप्रिल असे तीन दिवस ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष होते भारत सासणे. त्याच दिवसांत त्याच गावात १६ वे विद्रोही साहित्य संमेलन गणेश विसपुते यांच्या अध्यक्षतेखाली झाले. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडहून निघाले की जांब, जळकोट आणि मग उदगीर. मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर या टापूतल्या वाचकाला अखिल भारतीय संमेलन इतके जवळ क्वचितच मिळते. नांदेडला ते १९८५ साली झाले होते, शंकर पाटील अध्यक्ष असताना. त्यानंतर मराठवाड्यात परभणी, परळी, औरंगाबाद, उस्मानाबाद अशी गावे झाली, पण या सीमेकडच्या तालुक्यांच्या दाराशी संमेलन यायला सदतीस वर्षे लागली.

अशा संमेलनाच्या बातम्यांत काय येते ते आपल्याला ठाऊक आहे. उद्घाटनाला कोण होते, अध्यक्षांचे भाषण कशावर झाले, ठराव कोणते झाले, जेवणाची सोय कशी होती. ग्रंथप्रदर्शनातल्या गाळ्यांच्या रांगेत काय घडले, हे मात्र सहसा छापून येत नाही. कोणत्या तालुक्यातला वाचक कोणाचे पुस्तक घेऊन घरी गेला, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. संमेलन ही लेखक आणि वाचक यांच्या प्रत्यक्ष भेटीची जागा आहे, आणि ती भेट मंडपात कमी, ग्रंथप्रदर्शनात जास्त होते.

मुळात ही प्रथा सुरू झाली तीच पुस्तकांच्या काळजीपोटी. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात जी सभा भरली तिचे नाव ग्रंथकार संमेलन असे होते. लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे, ग्रंथांचा प्रसार व्हावा, लिहिण्याला उत्तेजन मिळावे, एवढाच साधा हेतू होता. पण एकत्र म्हणजे कोण कोण, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा महात्मा फुले यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत आमचे काय होणार, हा त्यांचा रोख होता. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे मराठी संमेलनांचा इतिहास या पत्राच्या प्रकाशात वाचता येतो. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. मुखेडच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे शाहीर. १९९९ साली मुंबईत वसंत बापट यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरले, तेव्हा धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही संमेलन उभे राहिले. उदगीरचे दोन मंडप ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होती. दोन्ही मंडपांत गेलेल्या वाचकाला मी भाग्यवान समजतो, कारण त्याला एकाच मुक्कामात दुप्पट लेखक भेटले.

बाहेरच्या जगात अशाच भेटीची एक वेगळी परंपरा आहे आणि ती आपल्याला शिकण्याजोगी आहे. तिला ‘फॅन कन्व्हेन्शन’ म्हणतात, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी भरवलेला मेळावा. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात, आणि पत्राखाली वाचकाचा पत्ताही असे. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, गावोगाव त्यांची मंडळे झाली, मंडळांनी हाताने छापलेली आपापली छोटी नियतकालिके काढली. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले विश्व विज्ञानकथा संमेलन भरले तेव्हा जेमतेम दोनशे माणसे जमली होती. त्यांत एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमोव्ह होता. त्याच्या कथा नुकत्याच छापून येऊ लागल्या होत्या. आणि हो, तिथेही दारातच भांडण झाले. आयोजकांशी मतभेद असलेल्या सहा तरुणांना आत घेतले नाही. त्यांत पुढे नामवंत झालेले फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वोलहाइम होते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हा वाद पुण्यात झाला तसाच न्यूयॉर्कमध्येही झाला.

या मेळाव्यांतली एक रीत मला फार मोलाची वाटते. विश्व विज्ञानकथा संमेलनाला जाणारा माणूस प्रवेशाचे तिकीट काढत नाही, तो त्या वर्षाचा सदस्य होतो. त्या सदस्यत्वामुळे त्याला ह्यूगो पुरस्कारांसाठी मत देण्याचा हक्क मिळतो. म्हणजे वर्षातली उत्तम कादंबरी कोणती हे तिथे वाचक ठरवतात. जपानमध्ये तर याही पुढे मजल गेली. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत ‘कॉमिकेट’ नावाचा मेळावा सुरू झाला. स्वतःच चित्रकथा काढून स्वतःच छापणाऱ्या बत्तीस गटांनी टेबले मांडली आणि सातशेच्या आसपास लोक आले. आज त्याच मेळाव्याला लाखोंची गर्दी होते. तरीही आयोजकांचा नियम असा की इथे कोणी गिऱ्हाईक नाही. टेबलामागे बसलेला, टेबलापुढे उभा असलेला आणि रांग लावणारा स्वयंसेवक, तिघेही सहभागी. आपल्या मुंबईतही २०११ पासून कॉमिक कॉन भरते आणि तिथे मोठ्या कंपन्यांच्या दुकानांबरोबर स्वतःचे पुस्तक स्वतः विकणारे तरुण चित्रकार बसलेले असतात.

हे सगळे परके वाटत असेल तर मराठवाड्याचेच उदाहरण घ्यावे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६०च्या दशकात डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक उभे केले. दलित साहित्यातले कितीतरी कवी, कथाकार, आत्मकथनकार पहिल्यांदा त्यात छापून आले. पानतावणे सर तेवढ्यावर थांबले नाहीत. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे त्यांनी वेगवेगळ्या गावांत भरवले. त्रैमासिकातून ओळखी झाल्या, ओळखींतून मेळावा झाला, मेळाव्यातून पुढचे लेखक तयार झाले. गर्न्सबॅकच्या वाचकांनी ज्या क्रमाने वाट काढली तोच हा क्रम, फक्त इथे पोटतिडीक वेगळी होती. तिकडे कल्पनेतल्या ग्रहांविषयीचे कुतूहल होते, इकडे गावकुसाबाहेरच्या जगण्याला शब्द मिळवून द्यायचा होता. मेळाव्याच्या नावातच लेखक आणि वाचक शेजारी बसवले आहेत, ही मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पानतावणे सरांनी पुढे २००९ साली अमेरिकेत सॅन होजे इथे पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, पण त्यांचे खरे काम त्या गावोगावच्या मेळाव्यांत झाले.

नांदेड जिल्ह्यातही अशी जिद्द दिसते. कंधार-लोहा भागातले भाई केशवराव धोंडगे यांनी गुराखी साहित्य संमेलन भरवले, म्हणजे गुरे राखणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाला व्यासपीठ दिले. तिकडे सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरला कृष्णाकाठी मकरसंक्रांतीला कितीतरी दशके संमेलन भरते आहे, आणि त्यामागे कवी सुधांशूंसारख्या गावातच राहिलेल्या माणसांची चिकाटी आहे. मोठ्या संमेलनाला सरकारी अनुदान, स्वागताध्यक्ष, मंत्री हे सगळे लागते. छोट्याला एक शाळा, एक ग्रंथालय आणि चार वेडी माणसे पुरतात.

आता पैशांविषयी बोलायला हवे, कारण स्थानिक लेखकाला आधार द्या असे म्हणताना बहुतेक जण पैशांचा विषय टाळतात. समजा मुखेड तालुक्यातल्या एका शिक्षकाचा कथासंग्रह २५० रुपये किमतीचा आहे. दुकानदार आणि वितरक यांच्याकडे साधारण चाळीस टक्के सूट जाते. प्रकाशकाच्या हाती राहिले १५० रुपये. त्यातून कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, वाहतूक. लेखकाला दहा टक्के मानधन ठरले असेल तर प्रतीमागे २५ रुपये. पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची धरली जाई, आता पाचशे किंवा त्याहून कमी प्रती काढणारे पुष्कळ आहेत. पाचशेच्या पाचशे विकल्या गेल्या तरी लेखकाला साडेबारा हजार रुपये, तेही दोन-चार वर्षांत मिळून. आणि ग्रामीण भागात पहिले पुस्तक बऱ्याचदा लेखकाच्याच पैशाने निघते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिने अनेकांचे पहिले पुस्तक बाहेर आणले आहे. पण ती सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी पुस्तक छापून होते, विकायचे राहते.

त्यात आपल्याकडची एक रूढी लेखकाला फार जड जाते. गावातल्या माणसाचे पुस्तक आले की ओळखीचा प्रत्येक जण म्हणतो, आम्हाला एक प्रत द्या की सर. लेखकही संकोचाने आत ‘सप्रेम भेट’ लिहून देतो. असे करता करता दीड-दोनशे प्रती फुकट जातात, आणि जे वाचक खरोखर विकत घेणारे होते तेच संपून जातात. दूरच्या शहरातला अनोळखी वाचक मुखेडच्या नव्या लेखकाचे पुस्तक मागवील ही शक्यता किती? त्याचा पहिला वाचक त्याच्याच तालुक्यात असतो. म्हणून मित्राने, सहकाऱ्याने, सोयऱ्याने त्याचे पुस्तक छापील किमतीला विकत घ्यावे, आणि भेट द्यायचेच असेल तर ते तिसऱ्या माणसाला द्यावे. सत्काराच्या शाली आणि श्रीफळे यांवर होणारा खर्चही पुस्तकांकडे वळवता येईल. एका कार्यक्रमात दहा सत्कार असतील तर तेवढ्या पैशांत तालुक्यातल्या दहा लेखकांची पुस्तके सहज घेता येतात, आणि सत्कारमूर्तींना तीच दिली तर प्रत्येकाच्या घरी एक लेखक पोहोचतो.

विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते वाचून खरे बोलणे. नांदेडला याबाबतीत एक मोठा वारसा आहे. पीपल्स कॉलेजमध्ये शिकवणारे आणि पुढे तिथले प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच. पण तेवढ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी जेवढा विचार खर्च केला तेवढा फार थोड्यांनी केला असेल. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला जोडलेले त्यांचे प्रदीर्घ पत्र सगळ्यांना माहीत आहे. त्या पत्रात नुसते कौतुक नाही, शिवाजी महाराजांच्या चरित्राकडे कसे पाहावे याविषयीची स्वतंत्र मांडणी आहे. कुरुंदकर नांदेडला राहून हे करत होते. पुण्या-मुंबईला जाण्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि त्यांच्यामुळे नांदेडच्या नव्या लेखकालाही ती गरज थोडी कमी वाटू लागली. अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ दैनिकानेही आपल्या पानांवर या भागातल्या लिहित्या हातांना जागा दिली. पुढे २०१७ चा साहित्य अकादमी पुरस्कार नांदेडच्या श्रीकांत देशमुखांच्या ‘बोलावे ते आम्ही’ या कवितासंग्रहाला मिळाला, त्यामागे अशी बरीच वर्षे पोसलेली हवा आहे असे मला वाटते.

सहलेखकाला आधार द्यायचा म्हणजे त्याच्या प्रत्येक ओळीला वाहवा द्यायची, हा समज घातक आहे. एकमेकांच्या प्रस्तावना, एकमेकांची परीक्षणे, एकमेकांचे पुरस्कार, असे गोल फिरत राहिले की वाचकाचा विश्वास उडतो आणि त्याची किंमत पुढच्या चांगल्या लेखकाला मोजावी लागते. हस्तलिखित वाचून कच्च्या जागा दाखवणारा मित्र प्रकाशन समारंभात भाषण करणाऱ्या मित्रापेक्षा दहापटीने उपयोगी असतो. नावाचे वजन बाजूला ठेवण्याची एक युक्ती मराठीतच घडून गेली आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा स्पर्धा घेतली तेव्हा जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. बक्षीस कथेला मिळाले. हेच नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. तालुक्याच्या कथास्पर्धेत परीक्षकांकडे जाणाऱ्या कागदावर नाव नसावे, एवढा नियम पाळला तरी शाळेतल्या मुलीला आणि नामवंत सरांना एकाच मापाने मोजता येईल.

संमेलनात सहभागी होण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच तरुणांना माहीत नसतात. कविकट्ट्यासाठी कविता आधीच मागवल्या जातात, त्यांतून निवड होते, आणि प्रत्येकाला काही मिनिटे मिळतात. तिथली एक गोष्ट मनाला लागते. आपली कविता झाली की कवी उठून जातात, आणि शेवटच्या कवींपुढे रिकाम्या खुर्च्या उरतात. दूरच्या वाडीवरून एस.टी. बदलत आलेल्या मुलाची कविता ऐकायला आधी वाचून गेलेल्या दहा जणांनी थांबणे, हा साहित्यातल्या बंधुभावाचा सगळ्यांत सोपा आणि फुकटचा प्रकार आहे. ग्रंथदिंडीत चालणे, गाळ्यांची उभारणी, पाहुण्या लेखकांची ने-आण ही कामेही सहभागच आहेत. स्वयंसेवक म्हणून राबलेल्या मुलांना पाहुण्या लेखकाशी गाडीत जो अर्धा तास बोलायला मिळतो तो व्यासपीठावरच्या माणसालाही मिळत नाही.

जिथे घोड्यांचा बाजार भरतो त्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कोणी नुसते भाषण ऐकून परतत नाही. घोडा घ्यायचा नसला तरी माणूस त्याचे दात पाहतो, भाव विचारतो, मालकाशी चार शब्द बोलतो. ग्रंथप्रदर्शनात तसेच वावरावे. पुस्तक हातात घ्यावे, पहिले आणि मधले पान वाचावे, गाळ्यावरच्या माणसाला विचारावे की तुमच्याकडे आमच्या भागातले कोण लिहिते? हा प्रश्न दिवसभरात पन्नास जणांनी विचारला तर पुढच्या वेळी तो प्रकाशक मुखेड-देगलूरकडच्या लेखकाचे पुस्तक समोर मांडून ठेवील.

सार्वजनिक ग्रंथालयांचाही यात मोठा वाटा असू शकतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली राज्यभर हजारो ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदानावर चालतात. अनुदानातला काही भाग पुस्तक खरेदीचा असतो. पैसा थोडा असल्याने भरघोस सवलतीच्या, कोणी न वाचणाऱ्या पुस्तकांकडे कल जातो हे खरे. पण खरेदीच्या वेळी दोन-तीन वाचकांनी जाऊन स्थानिक लेखकांची नावे सुचवली तर ग्रंथपाल सहसा नाही म्हणत नाहीत. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही स्थानिक लेखकांसाठी सत्र ठेवा, अशी मागणी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे लेखी करता येते.

पुढच्या संमेलनासाठी माझी एक सूचना आहे, आणि ती टोकियोच्या त्या टेबलांवरून सुचलेली आहे. एकट्या लेखकाला प्रदर्शनातल्या गाळ्याचे भाडे परवडत नाही आणि तीन दिवस तिथे बसणेही जमत नाही. पण मुखेड, कंधार, देगलूर, नायगाव इथल्या दहा लेखकांनी मिळून एक गाळा घेतला तर भाडे वाटून जाते. पाळ्या लावाव्यात. ज्याची पाळी असेल त्याने आधी इतर नऊ जणांची पुस्तके दाखवावीत, मग स्वतःचे. त्यासाठी त्याने ती वाचलेली असली पाहिजेत, आणि हाच या योजनेचा मोठा फायदा आहे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडत वाढलेल्या या भागातली बोली त्या पुस्तकांत आहे, तिची ओळख चार वाक्यांत करून देता आली पाहिजे. टेबलावर किमतीची स्पष्ट यादी आणि एक वही ठेवावी. जो पुस्तक घेईल त्याचे नाव, पत्ता आणि फोन नंबर त्याच्या संमतीने त्या वहीत लिहून घ्यावा. पुढचे पुस्तक निघाले की त्या प्रत्येकाला कळवावे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. तीनशे ग्रॅमपर्यंतचे पाकीट वीस रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचा गठ्ठा शंभर रुपयांत जातो, कर वेगळा. कवितासंग्रह सहसा तीनशे ग्रॅमच्या आतच बसतो, म्हणजे मुखेडच्या टपाल कार्यालयातून तो उदगीर, पुणे किंवा बेळगाव, कुठेही त्याच वीस रुपयांच्या दरात पाठवता येईल.